सदसद्विवेकबुद्धीचा नकार आणि रुग्ण स्त्रीचा हक्क

आमच्या येथे दर रविवारी महिलांसाठी कुरआनचा दर्स होतो. मागील महिन्यात दर्स संपल्यावर एक तरुण भगिनी मागे थांबली. ती एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिचारिका आहे. नमाज-रोजा पाळणारी, शिकलेली, कोकणातील शाफई घराण्यातील मुलगी. तिचा प्रश्न थोडक्यात असा होता : गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीला औषध देण्याचे किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभे राहण्याचे काम माझ्या वाट्याला आले, तर मी नकार देऊ शकते का? नकार दिला तर पगार घेऊन काम टाळल्यासारखे वाटते, आणि काम केले तर अल्लाहपुढे काय उत्तर द्यावे या विचाराने झोप लागत नाही. वरिष्ठ परिचारिकेने तिला सुनावले होते की धर्म घरी ठेवून येत जा.

मी तिला त्याच क्षणी उत्तर दिले नाही. अशा प्रश्नाचे उत्तर घाईने देणे हे स्वतःच एक पाप ठरू शकते. त्यासंबंधीची हदीस पुढे येईलच. हा लेख म्हणजे त्या भगिनीला दिलेले सविस्तर उत्तर आहे. ज्यांच्या घरात डॉक्टर, परिचारिका किंवा औषध दुकानदार आहेत त्यांनी, आणि ज्यांच्या घरात गर्भवती स्त्री आहे त्यांनीही, म्हणजे आपण सर्वांनीच, तो लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

गॉलवे येथील एक मृत्यू

धर्माच्या नावाने उपचार नाकारला जातो तेव्हा काय घडू शकते, हे जगाने २०१२ साली आयर्लंडमध्ये पाहिले. सविता हलप्पनवार ही आपल्या शेजारच्या बेळगावची मुलगी. व्यवसायाने दंतवैद्य, वय ३१. ती पतीसह आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होती. १७ आठवड्यांची गर्भवती असताना २१ ऑक्टोबरला पाठदुखीमुळे ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना लवकरच कळून चुकले. गर्भपात अटळ होता. प्रश्न फक्त वेळेचा होता. सविता आणि तिच्या पतीने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि ते चालू असेपर्यंत हात लावता येणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. हा कॅथलिक देश आहे, असे शब्द त्या वेळी एका परिचारिकेच्या तोंडून निघाल्याचे पुढे चौकशीत नोंदले गेले. २४ तारखेला ठोके थांबले; पण तोवर जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. २८ ऑक्टोबरच्या पहाटे सविता मरण पावली. बाळही गेले, आईही गेली.

नंतर नेमलेल्या चौकशी समितीने, जिचे अध्यक्ष प्रसूतिशास्त्रज्ञ सबारत्नम अरुळकुमारन होते, एकट्या धर्माला दोष दिला नाही. रुग्णावर नीट देखरेख ठेवली गेली नाही, संसर्गाची चिन्हे वेळेवर ओळखली गेली नाहीत, असे तिने नोंदविले. पण त्याचबरोबर, गर्भाचे ठोके थांबेपर्यंत काही करायचे नाही यावर नको तितका भर दिला गेला, हेही तिने स्पष्टपणे मांडले. डॉक्टर दुष्ट नव्हते. देशाच्या राज्यघटनेत १९८३ साली घातलेल्या दुरुस्तीने माता व गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान ठरविला होता. १९९२ च्या न्यायनिर्णयानुसार आईच्या जिवाला खराखुरा धोका असेल तर उपचाराला मुभा होती. परंतु तो धोका ‘खराखुरा’ केव्हा होतो, हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून सर्वजण थांबले. पुढे २५ मे २०१८ रोजी झालेल्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला.

आता आपण आपल्या शरीअतकडे वळू आणि पाहू की या प्रसंगात इस्लामी शास्त्राने काय सांगितले असते.

गर्भाची प्रतिष्ठा आणि तिच्या पायऱ्या

गर्भ ही क्षुल्लक वस्तू नाही, हे प्रथम मनात पक्के करावे. सूरह मुअ्‌मिनूनच्या प्रारंभीच्या आयतींत अल्लाहने मानवाच्या गर्भावस्थेतील टप्प्यांचे वर्णन करून शेवटी त्याला एक निराळीच निर्मिती म्हणून उभे केल्याचे सांगितले आहे. दारिद्र्याच्या भीतीने संततीची हत्या करण्यास सूरह बनी इस्राईलच्या ३१ व्या आयतीत मनाई आहे. हुजैल कबिल्यातील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीच्या पोटातील गर्भ दगावला, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्या गर्भाची भरपाई देण्याचा निवाडा केला. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तो आलेला आहे. ज्याची भरपाई द्यावी लागते त्याला काही मोल असते.

परंतु हे मोल सर्व टप्प्यांवर एकसारखे आहे काय? हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसमध्ये चाळीस-चाळीस दिवसांचे तीन टप्पे सांगून त्यानंतर फरिश्ता आत्मा फुंकतो असे आले आहे. म्हणजे १२० दिवस. हजरत हुजैफा बिन असीद (रजि.) यांच्या मुस्लिममधील कथनात बेचाळीस रात्रींचा उल्लेख आहे, त्यामुळे काही विद्वानांनी चाळीस दिवसांची मर्यादा अधिक महत्त्वाची मानली. यातूनच फिक्हच्या पंथांत मतभेद निर्माण झाले. मालिकी पंथातील बहुतेकांनी गर्भ राहिल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर तो पाडणे निषिद्ध मानले. शाफई पंथातील इमाम गजाली (रह.) यांनीही, गर्भधारणा टाळणे वेगळे आणि राहिलेला गर्भ नष्ट करणे वेगळे, असा भेद करून दुसऱ्याला अपराध म्हटले व गर्भ जसजसा वाढतो तसतसा अपराधही वाढत जातो असे प्रतिपादन केले. हनफी पंथात मात्र आत्मा फुंकला जाण्यापूर्वी, सबळ कारण असेल तर, सवलत दिलेली आढळते. अल्लामा इब्ने आबिदीन शामी (रह.) यांनी अशा कारणाचे दिलेले उदाहरण मला नेहमी विचार करावयास लावते : अंगावर पिणारे मूल असताना आईला पुन्हा दिवस जातात, तिचे दूध आटते, बापाची दाई ठेवण्याची ऐपत नाही आणि त्या मुलाच्या जिवाला धोका आहे. पहा, किती साधे, किती घरगुती कारण! आपल्या फुकहांनी गरीब घराच्या चुलीपर्यंत जाऊन विचार केला होता.

१२० दिवसांनंतर मात्र, आईच्या प्राणाचा प्रश्न नसेल तर, गर्भपात हराम आहे याबाबत मतभेद नाही. १९९० साली राबेता आलमे इस्लामीच्या मक्का येथील फिक्ह परिषदेने हीच भूमिका घेतली. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे विश्वासू डॉक्टरांच्या समितीने सांगितले तर १२० दिवसांपूर्वी मुभा, त्यानंतर केवळ आईचा जीव धोक्यात असेल तरच.

येथे एका हिशोबाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण याबाबत शिकलेल्या लोकांचीही गफलत होते. डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या मासिक पाळीपासून मोजतात, प्रत्यक्ष गर्भधारणा साधारण दोन आठवडे नंतरची असते. म्हणून फिक्हचे १२० दिवस म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत सुमारे १९ आठवडे. या हिशोबाने सविताचा गर्भ साधारण १०५ दिवसांचा होता. म्हणजे आपल्या प्रचलित शास्त्रीय मतानुसार त्यात अद्याप आत्मा फुंकलाही गेला नव्हता, गर्भ वाचण्याची शक्यता उरली नव्हती आणि आई डोळ्यांदेखत संसर्गाकडे चालली होती. अशा स्थितीत इस्लामी शास्त्राच्या दृष्टीने थांबण्याला कोणते कारण उरते? मला तरी एकही दिसत नाही.

धोक्याची खात्री की प्रबळ शक्यता?

१२० दिवसांनंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अल्लामा इब्ने नुजैम (रह.) आणि त्यांच्यानंतर इब्ने आबिदीन (रह.) यांच्या ग्रंथांत असे लिहिलेले आढळते की, गर्भ जिवंत असेल तर आईला वाचविण्यासाठी त्याला कापून काढणे योग्य नाही; कारण आईचा मृत्यू ही केवळ शंका आहे आणि शंकेसाठी एका जिवंत मानवाला मारता येत नाही. हे वाक्य वाचून काही जण, आमच्याकडेही आयर्लंडसारखाच नियम आहे, असा निष्कर्ष काढतात. परंतु युक्तिवादाचा आधार कोठे आहे ते पाहावे. तो आईचा मृत्यू ‘शंकास्पद’ असण्यावर उभा आहे. त्या काळी दाईच्या हाताच्या अंदाजाखेरीज दुसरे साधन नव्हते. आज रक्तदाब, रक्ततपासणी, सोनोग्राफी यांच्या आधारे धोका कित्येकदा प्रबळ शक्यतेच्या पातळीवर सांगता येतो, आणि प्रबळ शक्यता शरीअतच्या असंख्य आदेशांत खात्रीच्या जागी चालते. रुग्णाने रोजा सोडावा की नाही हे आपण कशावर ठरवितो? निष्णात डॉक्टरच्या प्रबळ मतावरच. रोजा सोडण्यासाठी जे पुरे आहे, ते जीव वाचविण्यासाठी अपुरे कसे? अल-अजहरचे प्रमुख शेख महमूद शल्तूत (रह.) यांनी याच अंगाने लिहिले की आई हे मूळ आहे, तिचे जीवन प्रस्थापित आहे, तिच्यावर जबाबदाऱ्या व हक्क आहेत, अद्याप स्वतंत्र जीवन न लाभलेल्या गर्भासाठी तिचा बळी देता येणार नाही. सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीतही, प्रसंग दूध पाजण्याचा असला तरी, मातेला तिच्या अपत्यापायी हानी पोहोचविली जाऊ नये हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आलेले आहे.

म्हणून ठोके थांबेपर्यंत वाट पाहणे हा शरीअतचा आदेश नव्हे. धोका दिसू लागताच निर्णय घेणे हा आहे.

हृदयाचा कौल कोणासाठी?

आता सदसद्विवेकबुद्धीकडे येऊ. इस्लामने तिला मोठे स्थान दिले आहे. निर्माणकर्त्याची अवज्ञा होत असेल तर कोणत्याही मनुष्याचे आज्ञापालन नाही, हे तत्त्व लहान मुलालाही ठाऊक आहे. हजरत वाबिसा (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी आपल्या हृदयाला विचारण्यास सांगितले होते, लोकांनी काहीही कौल दिला तरी. त्या भगिनीला ‘धर्म घरी ठेव’ असे सांगणाऱ्या वरिष्ठ परिचारिकेचे म्हणणे आपण मान्य करू शकत नाही. जी माणसे आपला धर्म घरी ठेवून येतात, त्यांची सचोटीही कधी कधी घरीच राहते.

परंतु वाबिसा (रजि.) यांच्या हदीसचा मजकूर नीट लक्षात घ्यावा. त्यांना स्वतःच्या आचरणाबाबत स्वतःच्या हृदयाला विचारण्यास सांगितले होते. माझे हृदय माझ्यासाठी मुफ्ती आहे; समोर खाटेवर पडलेल्या स्त्रीसाठी नाही. मी एखादी गोष्ट करणार नाही, हा माझा विवेक झाला. तिलाही ती मिळू देणार नाही, तिला खरी माहिती देणार नाही, तिला ताटकळत ठेवीन, हा विवेक नव्हे. ती सत्ता आहे.

आणि ज्ञानाविना दिलेला धार्मिक कौल किती महागात पडतो, याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण सुनन अबू दाऊदमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनात आहे. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्यांना गुस्लची गरज पडली. तयम्मुमची सवलत आहे काय असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी स्नान केले आणि ते मरण पावले. पैगंबर (स.) यांना हे कळले तेव्हा ते अत्यंत संतप्त झाले; त्या लोकांनी त्याला ठार केले असे म्हणाले, आणि ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावरील औषध विचारणे हेच आहे, असे त्यांनी सुनावले. ते सोबती दुष्ट होते काय? नव्हते. त्यांना वाटले की आपण धर्मावर ठाम आहोत. गॉलवेच्या वॉर्डातही असेच वाटले असावे.

ही गोष्ट मला दुसऱ्यांच्या देशात शोधण्याची गरज नव्हती, हेही सांगून टाकतो. माझी थोरली खाला आमच्या गावी, मी दहा-अकरा वर्षांचा असताना, बाळंतपणात गेली. रक्तस्राव थांबत नव्हता. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर होते, पण पुरुष. घरातील वडीलधाऱ्यांनी महिला डॉक्टरसाठी दुसऱ्या गावी माणूस धाडला आणि वाट पाहिली. महिला रुग्णासाठी आधी महिला चिकित्सक पाहावी हा आपल्या फिक्हचा क्रम बरोबरच आहे. पण ती नसेल तर गरजेपुरता पुरुष चिकित्सक हेही त्याच पुस्तकात, त्याच पानावर लिहिलेले आहे. आमच्या घरी अर्धे पान वाचले गेले. सविताच्या बातमीने मला जी अस्वस्थता आली, ती त्या रात्रीपासूनची आहे.

देशाचा कायदा काय म्हणतो

जगातील बऱ्याच देशांत डॉक्टरांना नकाराचा हक्क कायद्याने दिला आहे. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्यातच ते कलम आहे, मात्र स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी किंवा तिला होणारी गंभीर, कायमची इजा टाळण्यासाठी उपचार आवश्यक असतील तेथे ते लागू होत नाही. आयर्लंडच्या नव्या कायद्यातही नकार देणाऱ्या डॉक्टरने रुग्णाला शक्य तितक्या लवकर दुसरीकडे सोपविण्याची व्यवस्था करावी असे बंधन आहे. इटलीत १९७८ पासून हा हक्क आहे आणि गेल्या दशकात तेथील दहापैकी सुमारे सात स्त्रीरोगतज्ज्ञांनी तो घेतल्याचे सरकारी आकडे सांगत होते. एवढ्या सर्वांचा विवेक एकाच वेळी जागा झाला असेल, तर उत्तमच. पण काहींनी तो कामाचा ताण व बढतीची चिंता पाहून घेतला असेल, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

भारतात १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका व ठराविक प्रकारच्या स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भात गंभीर विकृती असल्यास त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तर या मर्यादा आड येत नाहीत. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायदा मागत नाही. सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असे बजावले. या कायद्यात नकाराचे स्वतंत्र कलम नाही. उलट, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणास्तव संततिनियमन, नसबंदी, सुंता किंवा गर्भपात यांस डॉक्टरने नकार देऊ नये. सुंता या यादीत आहे, हे वाचून आपल्याला थोडे थांबून विचार करावासा वाटला पाहिजे. इतरांनी आपल्या सुंतेला धार्मिक कारणावरून नकार दिला असता तर आपण काय म्हटले असते? राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहेच, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून.

कायद्याने मुभा दिलेली प्रत्येक गोष्ट शरीअतमध्ये हलाल होते असे नाही. मुस्लिम स्त्रीने वा पतीने स्वतःसाठी निर्णय घेताना आलिमांना विचारूनच घ्यावा. आणि एका बाबतीत नकार देणे हे कर्तव्यच आहे : मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे. जिवंत पुरलेल्या मुलीला तिचा अपराध विचारला जाईल, असे सूरह तकवीरमध्ये आहे. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिदान गुन्हा ठरविले आहे. येथे धर्म, कायदा आणि विवेक एकाच बाजूला उभे आहेत.

त्या भगिनीला दिलेले उत्तर

मी तिला असे सांगितले. रक्तस्राव, संसर्ग, झटके, अर्धवट झालेला गर्भपात, किंवा जिथे डॉक्टर आईच्या जिवाला धोका सांगत आहे, तेथे तुझ्यासाठी नकाराचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे हात आखडणे म्हणजे सूरह माइदहच्या ३२ व्या आयतीकडे पाठ फिरविणे, जिच्यात एक जीव वाचविणे सर्व मानवजातीला वाचविण्यासमान ठरविले आहे. ती स्त्री घरी बेकायदेशीर गोळ्या घेऊन आली असली तरीही हेच.

जेथे तातडी नाही आणि गर्भ १२० दिवसांच्या आतील आहे, तेथे लक्षात ठेव की तू शाफई आहेस, ती स्त्री हनफी असू शकते, मुस्लिमेतर तर बहुधा असेलच. ज्या गोष्टीत इमामांमध्ये मतभेद आहे तिच्याबद्दल दुसऱ्याला अपराधी ठरविण्याचा अधिकार तुला नाही. तुझे मन घेत नसेल तर मेट्रनकडे आधीच, लेखी, कामाची पाळी आखतानाच विनंती कर. रुग्णाच्या खाटेजवळ, सुई हातात असताना नको. सूरह माइदहची पहिलीच आयत करार पाळण्याचा आदेश देते. नोकरी हा करार आहे. विनंती मान्य झाली नाही तर विभाग बदलून घे. १२० दिवसांपलीकडे कारणाविना होत असलेल्या गर्भपातात प्रत्यक्ष सहभाग न घेण्याची तुझी इच्छा योग्य आहे. तीही याच मार्गाने मांड. खरी माहिती देणे, कागदपत्रे दाखविणे, दुसऱ्या परिचारिकेला बोलावणे, नंतरची शुश्रूषा करणे, यांस मी पापात साहाय्य मानत नाही. काही विद्वान याहून कडक मत देतात हे मला ठाऊक आहे. मला त्यांचा युक्तिवाद पटला नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मी गप्प झालो. वॉर्डात ‘धार्मिक कारण’ बहुतेक वेळा अविवाहित मुलगी आली की आठवते, असे ती म्हणाली. विवाहितेला कोणी प्रश्न विचारत नाही. तेव्हा मी तिला जुहैना कबिल्यातील त्या स्त्रीची हदीस सांगितली, जी व्यभिचाराने गर्भवती होऊन स्वतः कबुली देण्यास पैगंबर (स.) यांच्याकडे आली होती. शिक्षा तर प्रसूतीपर्यंत थांबविलीच. पण त्यापूर्वी तिच्या पालकाला बोलावून तिच्याशी चांगले वागण्याची ताकीद देण्यात आली. ज्या स्त्रीचा अपराध तिच्याच तोंडून सिद्ध झाला होता तिच्यासाठी ही ताकीद आहे; ज्या मुलीची कहाणी तुम्हाला ठाऊकही नाही, तिला टोमणे मारण्याचा परवाना कोणी दिला?

तिचा धाकटा भाऊ औषधाच्या दुकानात आहे. संततिनियमनाच्या गोळ्या विकाव्यात की नाही, असे त्याने तिच्यामार्फत विचारले आहे. सहाबा (रजि.) यांच्या काळातील अज्लसंबंधी हदीस आणि आजची साधने यांचा तो विषय स्वतंत्र आहे, त्याचे उत्तर पुढील अंकी देऊ, इन्शाअल्लाह.